मनगटावरची अँटेना आणि पेटंटच्या अर्धवट गोष्टी

फेब्रुवारी महिना आला की शाळाशाळांतून विज्ञान दिनाची तयारी सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या शाळांत भाषणस्पर्धेचा परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला अनेकदा येतो. मुले तयारीने बोलतात, आवाज खणखणीत असतो. पण विषय ‘भारतीय शास्त्रज्ञ’ असो की ‘विज्ञान आणि स्वाभिमान’, तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली गोष्ट अशी, की रेडिओचा शोध जगदीशचंद्र बोसांनी लावला आणि मार्कोनीने तो चोरला. दुसरी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली मार्कोनीचे पेटंट रद्द करून रेडिओचे जनकत्व टेस्लाला बहाल केले. तिसरी, अमेरिकेने आपल्या हळदीचे पेटंट घेतले होते, ते डॉ. माशेलकरांनी लढून परत आणले. अलीकडे यात चौथीची भर पडली आहे. मनगटी घड्याळावरून बड्या कंपन्या कोर्टात भांडतात आणि मोठी कंपनी लहान कंपनीचा शोध पळवते, ही ती गोष्ट.

अशाच एका स्पर्धेनंतर नववीतली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “सर, त्या घड्याळात एरियल कुठं असतं? अन् तार वाकवली तर त्याचं कसलं आलंय पेटंट?”

प्रश्न दोन होते आणि दोन्ही अस्सल होते. मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. नंतर विचार करताना लक्षात आले, की आपण वर्षानुवर्षे सांगत असलेल्या पेटंटच्या गोष्टींत या दोन प्रश्नांना जागाच नाही. या लेखात त्या गोष्टींचेच परीक्षण करायचे आहे. पण आधी त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. ते दिल्याशिवाय दुसरा प्रश्न सुटत नाही.

घड्याळात एरियल कुठे?

रेडिओलहरी पकडणाऱ्या तारेची लांबी त्या लहरीच्या लांबीशी जुळावी लागते. साधारणपणे ती तरंगलांबीच्या निम्मी किंवा पाव असली की तार त्या लहरीला चांगला प्रतिसाद देते. फळ्यावर एवढेच लिहावे: ३०० ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. एफ.एम. रेडिओ १०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, म्हणून त्याची लहर ३ मीटरची आणि पाव लांबी ७५ सेंटिमीटर. ट्रान्झिस्टरची दांडी एवढी लांब का ओढावी लागते, ते येथे कळते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात पाव लांबी सुमारे ८ सेंटिमीटर येते. घड्याळ आणि फोन एकमेकांशी बोलतात ते ब्लूटूथने, म्हणजे सुमारे २४०० मेगाहर्ट्‌झवर. तेथे लहरच साडेबारा सेंटिमीटरची आणि पाव लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर.

आता घड्याळ मोजा. तबकडीचा व्यास ४ सेंटिमीटर धरला तर तिचा परीघ सुमारे साडेबारा सेंटिमीटर होतो. म्हणजे तबकडीभोवतीचे धातूचे कडे नेमके एका ब्लूटूथ लहरीएवढे आहे! म्हणूनच काही घड्याळांत या कड्याचाच अँटेना म्हणून उपयोग करून घेतात. परीघाचे सूत्र पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ते असे कुठे तरी कामी आलेले दाखवावे.

प्रश्न एवढ्याने सुटत नाही. शेतातल्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढची अडचण चटकन समजेल. स्टार्टरची पेटी लोखंडी असते. पेटी बंद केली की आतल्या सिमकार्डाची रेंज जाते. म्हणून शेतकरी अँटेनाची छोटी वायर भोक पाडून पेटीबाहेर काढतो. धातूच्या बंद पेटीत रेडिओलहरी शिरत नाहीत, हे फॅरडेचे तत्त्व त्याने अनुभवाने ओळखलेले असते. धातूचे घड्याळ हीही एक लोखंडी पेटीच आहे, फक्त तिला वरून काचेची खिडकी आहे. शिवाय ही पेटी बसते ती मनगटावर, आणि मनगट म्हणजे खारट पाण्याने भरलेली पखाल. हे पाणी लहरींची ऊर्जा शोषून घेते. ते जवळ आल्याने अँटेना ज्या वारंवारतेला जुळवलेली असते तीही सरकते. टेबलावर उत्तम चालणारी अँटेना हातावर चढवताच बिघडते ती यामुळे.

या अडचणींवर अनेकांनी अनेक तोडगे काढले. १९९० च्या दशकात सिको कंपनीने मनगटी पेजर विकले. ते एफ.एम. केंद्रांच्या लहरींवरून निरोप घेत. त्या लांब लहरींसाठी तबकडीत जागा नव्हती, म्हणून अँटेना पट्ट्यात घातली होती. पण पट्टा जाड मनगटावर सैल आणि बारीक मनगटावर घट्ट बांधला जातो, म्हणजे विळख्याचा आकार माणसागणिक बदलतो. मग जुळणी टिकवायची कशी, ही नवी अडचण उभी राहते. नंतरच्या घड्याळांत कोणी कड्यालाच अँटेना केले, कोणी काच आणि धातू यांमधल्या फटीचा उपयोग केला, कोणी पट्टी घड्या घालून लहान जागेत बसवली. कडे कोठे जोडायचे, कोठे तोडायचे, कातडीपासून किती अंतरावर ठेवायचे, यात खरी कारागिरी आहे.

आता मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते. लहरीची लांबी आणि तारेची लांबी यांचा संबंध हा निसर्गनियम आहे. त्याचे पेटंट कोणालाही मिळत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ मध्ये नुसत्या वैज्ञानिक तत्त्वाचा शोध हा पेटंटयोग्य नाही असे स्पष्ट म्हटले आहे. पण धातूच्या घड्याळात, मनगटाजवळ, अमुक रीतीने कडे जोडून ती अडचण दूर केली, ही रचना पेटंटयोग्य असू शकते. त्यासाठी तीन कसोट्या आहेत. ती नवी हवी. त्या विषयातील जाणकाराला सहज सुचेल अशी नसावी. आणि तिचा उद्योगात उपयोग व्हायला हवा.

भांडण नेमके कशावर?

अँटेनाच्या रचनेवरून झालेला एक गाजलेला खटला पाहू. एकाच्या आत एक, लहान होत जाणारे त्रिकोण रचले तर एकच पट्टी अनेक वारंवारतांना प्रतिसाद देते. अशा आकृतींना फ्रॅक्टल म्हणतात. बोस्टनच्या नेथन कोहेन यांनी १९९५ मध्ये या प्रकारच्या अँटेनावर लेख लिहिला. स्पेनमधील बार्सिलोना येथे कार्लेस पुएन्ते व त्यांचे सहकारी याच सुमारास याच दिशेने काम करत होते आणि १९९६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुएन्ते यांच्या गटातून निघालेल्या फ्रॅक्टस या कंपनीने २००९ मध्ये टेक्सासमधील न्यायालयात सॅमसंगसह अनेक मोबाइल उत्पादकांवर दावा लावला. इतर अनेकांनी तडजोड केली. सॅमसंगचा खटला मात्र चालला, आणि २०११ मध्ये ज्यूरीने फ्रॅक्टसला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्याचा कौल दिला.

यात चोर कोण आणि साव कोण? फोनच्या आत अँटेना बसवण्याची कल्पना कोणा एकाची नव्हती. फ्रॅक्टल आकृतींचे गणित तर त्याहून जुने. न्यायालयापुढचा प्रश्न एवढाच होता, की या फोनमधल्या धातूच्या पट्टीचा आकार पेटंटात लिहिलेल्या वाक्यांत बसतो की नाही. पेटंटाच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेली ही वाक्ये, म्हणजे पेटंटाचे ‘दावे’, हाच खटल्याचा गाभा असतो.

मनगटी घड्याळावरचे मोठे भांडण अँटेनाचे नसून प्रकाशाचे होते. मासिमो या वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपलविरुद्ध तक्रार केली ती रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या रचनेबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्या घड्याळांच्या आयातीवर बंदी घातली. जानेवारी २०२४ पासून अ‍ॅपलने अमेरिकेत ते मापन बंद करून घड्याळे विकली. भारतात विकल्या जाणाऱ्या घड्याळांना हा निर्णय लागू नव्हता, कारण पेटंट ज्या देशाने दिले त्या देशापुरतेच चालते. ‘घड्याळ चोरले’ या दोन शब्दांत यातले काहीही येत नाही.

जुन्या तीन गोष्टी

या दृष्टीने आपल्या नेहमीच्या गोष्टी तपासू.

पहिली बोसांची. जगदीशचंद्र बोसांचे काम खरोखर असामान्य होते. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी सुमारे ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. त्या लहरी गोळा करण्यासाठी नरसाळ्यासारखी अँटेना वापरली. रेडिओ दुर्बिणींमध्ये आजही त्या आकाराची अँटेना दिसते. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार संदेश घेताना वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकाचे मूळ बोसांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असे १९९८ मध्ये साधार मांडण्यात आले. पण बोसांनी त्या ग्राहकाचे पेटंट घेतलेलेच नव्हते. त्यांनी तो जगासाठी खुला प्रसिद्ध केला होता. पुढे सारा बुल यांच्या आग्रहाने त्यांनी गॅलिनाच्या स्फटिकावर आधारलेल्या ग्राहकासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ते मार्कोनीने मोडले असा खटला झालेला नाही. बोसांना श्रेय मिळाले नाही ही तक्रार रास्त आहे, पण ती इतिहासकारांपुढे मांडायची तक्रार आहे. तिला कोर्टकज्जाचे रूप दिले की बोसांचा मोठेपणाच झाकला जातो. शोध खुला ठेवायचा हा त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, हे आपण मुलांना सांगतच नाही.

दुसरी १९४३ ची. २१ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या एका पेटंटाचे बहुतेक दावे रद्द केले हे खरे. हे पेटंट १९०४ मध्ये दिलेले आणि जुळवणी केलेल्या मंडलांबद्दलचे होते. त्याआधी जॉन स्टोन, ऑलिव्हर लॉज आणि टेस्ला यांनी त्या प्रकारचे काम केले होते, हे रद्द करण्याचे कारण. यात सर्वांत जास्त वजन पडले ते स्टोनच्या कामाचे, आणि त्या स्टोनचे नाव आपल्या गोष्टीत कधीच नसते. शिवाय न्यायालयाने निकालात स्पष्ट केले होते, की रेडिओसंदेश प्रथम यशस्वीपणे पाठवणारा म्हणून मार्कोनीचा जो लौकिक आहे तो त्याच्या मूळ पेटंटावर उभा आहे आणि ते येथे विचारात नाही. म्हणजे ‘रेडिओचा जनक कोण’ हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. अमेरिकी सरकारने वापरलेल्या यंत्रणेची भरपाई मागण्यासाठी मार्कोनी कंपनीने १९१६ मध्ये लावलेला तो दावा होता. निकाल लागला तेव्हा मार्कोनीला जाऊन सहा वर्षे झाली होती आणि टेस्लाला काही महिने.

तिसरी हळदीची. ही आपल्या अंगणातली, म्हणून तिच्याबाबत जास्त काटेकोर असावे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना पेटंट मिळाले. ते हळदीचे नव्हते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे होते, आणि तेही अमेरिकेपुरते. त्यामुळे ‘आपल्याला भाजीत हळद घालायला अमेरिकेची परवानगी लागली असती’ हे वाक्य टाळ्या मिळवते, पण खरे नाही. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली आणि १९९७ मध्ये दावे नामंजूर झाले.

हा विजय कशाने मिळाला? ‘आमची आजी लावत होती’ एवढ्याने नाही. परिषदेने ३२ लिखित संदर्भ सादर केले. त्यांत प्राचीन संस्कृत ग्रंथातील उतारा होता, तसा १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला निबंधही होता. घराघरांत ठाऊक असलेली गोष्ट तपासनीसापुढे ग्राह्य ठरण्यासाठी ती लिहिलेली असावी लागली. या गोष्टीचा शिक्षकाला उपयोगी पडणारा भाग हाच आहे, आणि भाषणांतून नेमका तोच गळतो. या अनुभवातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्यात आले.

दोष कोठे आहे?

या गोष्टी सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. खेड्यातल्या मुलाला ‘आपणही काही कमी नाही’ असे वाटावे, हे मोलाचेच आहे. माझा आक्षेप त्यांच्या घडणीवर आहे. तीन दोष मला ठळक दिसतात.

पहिला, पेटंट कशावर होते हे त्यांत कधीच सांगितले जात नाही. दावा काय होता हे न सांगता निकाल सांगणे, म्हणजे गणित न देता उत्तर देणे. दुसरा, शोधाचे श्रेय आणि पेटंटाचा हक्क या दोन गोष्टी एक केल्या जातात. श्रेय कायमचे असते आणि जगभर चालते. पेटंट वीस वर्षांचे आणि एका देशापुरते असते. तिसरा, विज्ञान हे चोर आणि साव यांचे नाटक होऊन बसते. एकाच वेळी अनेक जण एकाच अडचणीवर झटत असतात आणि एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर उभे राहते, हे विज्ञानाचे खरे चित्र पुसले जाते.

‘लहान मुलांना कायद्याची कलमे कशी समजावणार?’ असा प्रश्न येईल. पण सोपेपणा वेगळा आणि अर्धवटपणा वेगळा. आणि या अर्धवटपणाची किंमत आपलीच मुले मोजतात.

ती कशी ते पाहा. आपल्या विद्यार्थ्यांची उपकरणे आपण प्रदर्शनांत मांडतो. त्यांतली बहुतेक ठरावीक असतात, पण एखादे खरोखर नवे निघते. समजा, एखाद्या मुलाने स्टार्टरच्या पेटीला भोक न पाडता, म्हणजे पावसाचे पाणी आत न जाता, रेंज मिळेल अशी युक्ती काढली. आपण कौतुकाने ती तालुक्याला मांडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या क्षणी ती युक्ती कायद्याच्या दृष्टीने ‘नवी’ राहत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आपला कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, पण साध्या शालेय प्रदर्शनाला ती मिळत नाही. चोर बाहेर शोधत बसायचे कारण नाही. हक्क आपणच, न कळत, टाळ्यांच्या गजरात घालवतो.

उपाय अवघड नाही. मांडणीपूर्वी तात्पुरत्या विवरणासह अर्ज करता येतो. व्यक्तीच्या नावाने संगणकावरून केलेल्या अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे, आणि पूर्ण विवरण देण्यास बारा महिने मिळतात. पुढील तपासणीचा खर्च वेगळा असतो. महाराष्ट्रासाठी पेटंट कार्यालय मुंबईला आहे. प्रत्येक उपकरणासाठी हे करावे असे मी सुचवत नाही. बोसांप्रमाणे शोध खुला ठेवणे हाही एक मार्ग आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. पण तो निर्णय मुलाने व पालकांनी समजून घेतलेला असावा, अज्ञानाने झालेला नसावा.

वर्गात काय करता येईल?

एक तासिका पुरेल. मुलांना एखादी ओळखीची वस्तू द्या. कुकरची शिटी चालेल, स्टार्टरची पेटी चालेल, जुने घड्याळही चालेल. तिच्यातली एक अडचण आणि तिच्यावरचा तोडगा एकाच वाक्यात लिहायला सांगा. मग दुसऱ्या गटाने ते वाक्य पाडायचे: ‘हे आधीच होते, माझ्या काकांच्या शेतात आहे’ किंवा ‘हे कोणालाही सुचेल’. पहिल्या गटाने वाक्य सुधारायचे. वाक्य फार मोघम केले तर जुन्यात बुडते, फार नेमके केले तर कोणीही वळसा घालून जाते. तासाभरात मुलांना ‘दावा’ म्हणजे काय हे कळते, आणि भाषा व विज्ञान हे वेगळे विषय नाहीत हेही.

दुसरे असे, की पेटंटे ही गुप्त कागदपत्रे नसतात. आपल्याकडे अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि संगणकावर फुकट वाचता येतो. संशोधकाला काही काळ हक्क मिळतो, त्याच्या बदल्यात त्याने आपली युक्ती जगाला उलगडून सांगायची, असा हा व्यवहार आहे. हक्काची मुदत संपली की ती युक्ती सर्वांची. सिकोच्या काळातील पट्ट्याच्या अँटेनावरील पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. आपल्या वर्गातल्या मुलीने तो पट्टा आज बनवला तर तिला कोणी अडवणार नाही.

त्या मुलीला मी पुढच्या भेटीत हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले, तबकडीचा परीघ स्वतः मोजून पाहिला आणि विचारले, “मग सर, भाषणात सांगतात ते खोटं का?” मी म्हणालो, “खोटं नाही, अर्धं आहे.” येत्या विज्ञान दिनाला उरलेले अर्धे सांगण्याची जबाबदारी आपल्या शिक्षकांची आहे.